आधी द्रुत की आधी विलंबित?

प्रश्न विचारला तो शेजारच्या पेढ्याच्या दुकानातल्या पोराने. पौष वद्य एकादशी तोंडावर आलेली, संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरात उतरू लागलेल्या. गिऱ्हाईक जरा पांगल्यावर तो ओट्याशी आला. "काका, शास्त्रीय ऐकायचंय. दोन-तीनदा मोबाइलवर लावून बघितलं. अर्धा तास नुसतं आ-आ चालतं, गाणं काही सुरू होत नाही. नेमकं लावायचं काय?" तेवढ्यात दुकानातून हाक आली आणि तो पळाला. ओट्यावर काका-पुतणीची मात्र चांगलीच जुंपली.

काका गावातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. रीतसर शिक्षण नाही, पण हात तयार आणि कान त्याहून तयार. पुतणी नाशिकला असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झाली आहे, घरी गाण्याच्या शिकवण्या घेते. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, पण एकमेकांच्या मतांवर काडीचा विश्वास नाही.

"त्यात अवघड काय?" काका म्हणाले. "भीमसेनअण्णांची संतवाणी लावायची. शब्द ओळखीचे, देव ओळखीचा. कान आपोआप तयार होतो. मग माणूस वळतो ख्यालाकडे."

"वळतो कुठे, काका? त्या पोराने 'तीर्थ विठ्ठल' जन्मापासून ऐकलंय. यात्रेत प्रत्येक स्पीकरवर तेच असतं. अर्धा अहिरभैरव त्याच्या कानात आधीच आहे. तरी तो म्हणतो, गाणं सुरूच होत नाही. तुमच्या अभंगाने त्याला ख्यालाच्या दारात आणून सोडलंय कधी?"

काका गप्प झाले. आक्षेप खरा होता. राम फाटकांनी बांधलेली 'तीर्थ विठ्ठल'ची चाल अहिरभैरवात आहे, कोमल रिषभ आणि कोमल निषाद तिथे ठसठशीत लागतात. लाखो मराठी माणसांना ती चाल पाठ आहे. त्यातल्या कितीजणांनी त्याच भीमसेनांचा एखादा विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल पुरता ऐकला असेल? पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात 1953पासून हजेरी लावणारा रसिक आहेच, पण संतवाणीच्या श्रोत्यांच्या मानाने तो मूठभर.

पुतणीचं म्हणणं असं की अभंग ऐकताना माणूस शब्द ऐकतो. सूर शब्दांच्या पाठीवर बसून येतो, त्याच्याकडे वेगळं लक्ष जात नाही. ख्यालात बंदिशीच्या दोन-चार ओळी असतात आणि त्यांवर गवई चाळीस मिनिटं काढतो. शब्दांचा अर्थ पहिल्या मिनिटातच संपतो. अर्थ शोधायची सवय लागलेला कान तिथे उपाशी राहतो आणि 'गाणं सुरू कधी होणार' असं विचारतो. "म्हणून अभंगाने सुरुवात केली की सवय चुकीची लागते," ती म्हणाली. "सिनेमाच्या गाण्यांचंही तेच. मन्ना डेंचं 'पूछो ना कैसे' अहिरभैरवात आहे हे सांगितलं की लोक खूश होतात. पुढे अहिरभैरव लागला की 'अरे, हे तर पूछो ना' एवढं म्हणतात आणि ऐकणं थांबवतात. राग ओळखणं म्हणजे राग ऐकणं नव्हे."

"मग काय, त्याला एकदम किशोरीताईंचा जौनपुरी लावून बसवायचा?"

"का नाही?"

"कारण तो पळून जाईल!"

दोन्ही बाजू इथे स्पष्ट झाल्या. काकांना नवा श्रोता टिकायला हवा आहे, पुतणीला तो बदलायला हवा आहे. 'सुरुवातीला ऐकायच्या दहा गोष्टी' अशा याद्या सगळीकडे फिरत असतात, पण हा पेच त्यांतल्या बहुतेकांना दिसतच नाही. दहा सोप्या गोष्टी ऐकून माणूस अकरावी सोपी गोष्ट ऐकायला तयार होतो. अवघड गोष्टीसाठी त्याचा कान तयार होतोच असं नाही.

काका उठले आणि भजनाची पेटी घेऊन आले. "शब्द नकोत ना तुला? हे घे." त्यांनी काळी तीनला सा धरला आणि फक्त काळ्या पट्ट्यांवरून बोट वर नेलं: सा रे ग प ध, आणि वरचा सा. भूप. पांढऱ्या पट्टीला स्पर्शही नाही. "आता सा बदलतो." काळी एकपासून त्याच पाच काळ्या पट्ट्या: सा रे म प ध. दुर्गा. काळी दोनपासून गंधार-निषाद कोमल होऊन धानीचे स्वर आले. काळी चारपासून मधमाद सारंगाचे. आणि काळी पाचपासून, प वगळून, मालकंसाचे. पट्ट्या पाच, राग पाच, बदललं फक्त घर. "हे पोराला दाखवलं तर पाच मिनिटांत त्याला कळेल की सा कुठे आहे यावर सगळा खेळ आहे. त्याला कोणतं व्याकरण लागतं?"

हा प्रयोग ज्याच्या घरी पेटी आहे त्याने करून बघावाच. तानपुरा अखंड का वाजतो, हे त्यानंतर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पुतणी हसली, पण हार मानणारी नव्हती. "छान. आता त्याच भूपाच्या पट्ट्यांवर मला देशकार वाजवून दाखवा."

काका अडकले. देशकारात तेच पाच स्वर आहेत. भूप रात्रीचा, गंधारावर विसावणारा. देशकार सकाळचा, धैवतावर उभा राहणारा, वरच्या अंगाने चालणारा. पट्ट्यांच्या यादीत दोघांत फरक नाही. फरक आहे तो कुठे थांबायचं, कशावरून घसरत यायचं, कोणता स्वर नुसता स्पर्शून सोडायचा यात. पेटीवर तो धूसर होतो, गळ्यात उघड होतो. "म्हणून म्हणते," ती म्हणाली, "सोप्या गोष्टीने दार उघडतं, पण घर दाखवायला गवईच लागतो."

मग काकांनी हुकमाचा एक्का काढला. नाशिकचा.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं राजदरबारातून आणि खासगी बैठकीतून काढून तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत आणणाऱ्या पहिल्या गवयांपैकी ते एक. त्यांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली, भजनांना मैफलीत मानाची जागा दिली. पुढे मुंबईतल्या विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली आणि पंडितजी नाशिकला आले. तिथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. 1931मध्ये मिरजेला त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. "सामान्य माणसाला गाणं सोपं करून देण्याची सगळी खटपट त्या एका माणसाने केली," काका म्हणाले. "नाहीतर घरंदाज मुली गाणं शिकल्या असत्या का? तू विशारद झाली असतीस का?"

"नसते झाले. मान्य," पुतणी म्हणाली. "पण सोपं करताना त्यांनी काय कापलं तेही सांगा. जुन्या बंदिशींमधले शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे घातले. घराघरांत शिरण्यासाठी ती किंमत द्यावी लागली. ख्यालातला प्रियकर गेला आणि देव आला. सोपं करणं फुकट होत नाही, काका."

हा मुद्दा कडवट आहे आणि खराही. तरी पंडितजींच्या हिशेबात जमेची बाजू फार मोठी आहे. त्यांच्या शिष्यांची नावं नुसती घेतली तरी पुरे: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. आणि नवख्या श्रोत्याच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा त्यांचा मुलगा.

दत्तात्रेय विष्णु पलुस्कर, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, 28 मे 1921ला नाशिकला जन्मले. वडील गेले तेव्हा दहा वर्षांचे होते. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडे शिकले. वयाच्या चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले. ऑक्टोबर 1955मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, गेले. त्यांची बरीच ध्वनिमुद्रणं 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरची आहेत, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांची. आवाज निर्मळ, शब्द स्वच्छ, तान मोजकी, आणि राग पहिल्या काही सेकंदांतच समोर येतो. 'बैजू बावरा'मध्ये (1952) उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांनी गायलेली देसी रागातली जुगलबंदी सिनेमाच्या निमित्ताने असंख्य लोकांनी ऐकली. एकच राग, दोन आवाज, दोन ढंग. तुलना करायला नवख्याला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

"तीन मिनिटं ही यंत्राची मजबुरी होती," पुतणी म्हणाली.

"असेल. पण गवयांनी त्या मजबुरीचं सोनं केलं. भारतात तबकडीवर गाणं भरायला 1902मध्ये सुरुवात झाली, तेव्हापासून गवयाला ठाऊक होतं की तीन मिनिटांत रागाचा जीव काढून दाखवायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐक. लहानपणी त्यांची तबकडी ऐकून गदगचा एक पोरगा घर सोडून पळाला. त्याचं नाव भीमसेन. चाळीस मिनिटं कुठे ऐकली होती त्याने? आणि 1977मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात जी सोन्याची तबकडी गेली, तिच्यावर भारताचं एकच गाणं आहे. गोव्याच्या केसरबाईंची भैरवी. साडेतीन मिनिटं. सगळ्या पृथ्वीच्या वतीने बोलायला तेवढी पुरली."

यावर पुतणीकडे उत्तर नव्हतं असं नाही. तिचं म्हणणं, तबकडीत अर्क असतो, पण अर्क पिऊन फळ खायची सवय लागत नाही. जमून आलेल्या विलंबित ख्यालात एकेका स्वराकडे जायला गवई वेळ घेतो, त्याच्याकडे जाऊन परत फिरतो, पुढच्या खेपेला तोच स्वर नव्या वाटेने गाठतो. ते वाट पाहणं हाच त्या संगीताचा गाभा आहे आणि तीन मिनिटांत वाट पाहता येत नाही.

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. ते पुढे सरकलं नाट्यसंगीतापाशी.

मराठी माणसाला एक सोय आहे जी इतर प्रांतांतल्या नवख्याला सहसा नाही. बालगंधर्वांच्या 'स्वयंवर'ला (1916) भास्करबुवा बखल्यांनी संगीत दिलं, म्हणजे थेट ख्यालगायकाने. 'नाथ हा माझा' यमनात आहे आणि यमनाची सगळी चाल त्यात आहे. पन्नास वर्षांनी जितेंद्र अभिषेकींनी तीच वाट नव्याने आखली. नाशिककर वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधा'ला (1964) संगीत त्यांचंच, आणि 1967च्या 'कट्यार काळजात घुसली'लाही. 'कट्यार'चा सिनेमा 2015मध्ये आला तेव्हा विशीतली मुलं हे सूर पहिल्यांदाच मन लावून ऐकताना दिसली.

"'कट्यार'मधलं 'घेई छंद' दोन प्रकारे आहे," पुतणी अचानक म्हणाली, आणि तिचा सूर बदलला. "एक धानीत, एक सालगवराळीत. शब्द तेच. राग वेगळा. एकामागून एक ऐकले की शब्द बाजूला ठेवावेच लागतात, कारण शब्दांनी फरक पडतच नाही. फरक सुरांचा. हे मात्र मी पोराला नक्की लावीन."

"म्हणजे नाट्यपदाने सुरुवात चालेल तुला!"

"या एका पदाने."

काकांना तेवढं पुरलं.

आता उरला तो मूळ प्रश्न. त्या पोराने विलंबित ख्याल लावला होता आणि त्याला गाणं सुरू झाल्यासारखं वाटलं नव्हतं. काकांचा उपाय साधा होता: ध्वनिमुद्रण उलटं ऐकावं. शेवटची दहा मिनिटं आधी. द्रुत, म्हणजे जलद लयीची, बंदिश बहुतेकदा तीनतालात असते, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडता येते, आणि सम पकडली की माणूस गाण्याच्या आत आला. त्यांनी मांडीवर ठेका धरला. सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. "तबल्यात डग्गा ऐकायचा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत त्याचा घुमारा जातो. नुसती शाई नि चाट वाजते. चौदाव्याला घुमारा परत आला की ओळखायचं, तीन मात्रांनी सम. वारकरी पोरगं आहे ते, भजनी ठेक्यावर टाळ वाजवत वाढलंय. आठ मात्रांची सम त्याच्या हातात आहेच. तिची सोळा करायला कितीसा वेळ लागतो?"

पुतणीला उलटं ऐकणं पटलं नाही. द्रुत आधी ऐकली की विलंबित कायम कंटाळवाणी वाटते, असं तिचं शिकवण्यांतलं निरीक्षण. तिचा उपाय: विलंबितच लावायची, पण पहिली दहा मिनिटंच, आणि ऐकताना एकच काम. गवई प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मुखडा घेऊन समेवर येतो ना, तेवढ्या जागा मोजायच्या. स्वर कळला नाही तरी चालेल. "मोजायला लागला की वाट पाहायला लागतो. वाट पाहायला लागला की ऐकायला लागतो."

लेखकाचं मत विचाराल तर सुरुवातीसाठी काका बरोबर आणि दुसऱ्या आठवड्यासाठी पुतणी. डग्ग्याचा घुमारा कुणालाही ऐकू येतो. बारा मात्रांचा संथ एकताल मात्र नवख्याला समुद्रासारखा वाटतो, काठच दिसत नाही. आधी सम हाताला लागू दे. पण याद्यांच्या बाबतीत पुतणीचाच निकाल मान्य करायला हवा: दहा रागांचे दहा सोपे तुकडे ऐकण्यापेक्षा एक राग दहा तऱ्हांनी ऐकलेला बरा. आणि खट किंवा शिवमत भैरवसारखे अनवट राग पहिल्या वर्षात बाजूलाच ठेवावेत. मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं कितीही मोठं असलं तरी, जो राग सरळ कसा असतो ते माहीत नाही, त्याची वळणं कशी कळणार?

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी भूप घ्यावा. पाचच स्वर, रात्रीच्या निवांत वेळेचा राग, आणि भरपूर गायलेला. पहिल्या दिवशी किशोरी आमोणकरांचं 'सहेला रे' लावा. तीनताल आहे, घुमारा शोधा, बाकी काही करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तेच लावा. सम बोटावर आली की त्याच ध्वनिमुद्रणातला विलंबित भाग, फक्त दहा मिनिटं. मग दुसऱ्या कुणाचाही भूप, शक्यतो पुरुष आवाजात, म्हणजे सा वेगळ्या पट्टीत असेल आणि तो नव्याने शोधावा लागेल. आठवड्याच्या शेवटी एका सकाळी देशकार ऐका आणि भूपापेक्षा काय वेगळं वाटलं ते एका ओळीत लिहून ठेवा. ओळ चुकली तरी हरकत नाही. जुनी ध्वनिमुद्रणं मोबाइलवर सहज मिळतात, पैसे पडत नाहीत. मात्र एक करा: हेडफोन लावा किंवा बरा स्पीकर घ्या. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून डग्गा ऐकूच येत नाही.